शेजारचा तारा

ताईकडच्या मंडळाच्या दोन वस्तू परत करायच्या राहिल्या होत्या, म्हणून मी घड्याळजी काकांच्या दुकानात गेलो. एवढंच काम होतं. पिशवीत आवाज टेप करायचं छोटं यंत्र आणि लाल काचेची एक विजेरी. द्यायचं आणि निघायचं. आई म्हणाली होती, "लोकांचं सामान घरात नको. तिचंच आवरत नाही मला."

ताई जाऊन महिना होत आला होता आणि त्या महिन्यात भेटलेल्या प्रत्येक माणसाने मला वैताग आणला होता. कोणी म्हणे, धीर धर. कोणी म्हणे, आता आईला तूच. जणू आतापर्यंत मी शेजाऱ्यांचा होतो. वेल्डिंगच्या शेडमध्ये मालक मला जाड पत्र्याचं काम देईना. म्हणे, लक्ष नाही तुझं, हात भाजून घेशील. लक्ष होतं. डोकं तेवढं जागेवर नव्हतं.

घड्याळजी काका आमच्या नात्यातले नव्हेत. त्यांच्या दुकानासमोर चष्म्याचं दुकान आहे, तिथे ताई भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायची. दोघांनाही आकाशाचं वेड. आणखी सात-आठ वेडे गोळा करून काकांनी एक मंडळ काढलं होतं. त्या मंडळाचं काम आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात खडक फिरतात. लघुग्रह म्हणतात त्यांना. आमच्यासारख्यांच्या दुर्बिणीतून त्यांतले बहुतेक दिसतसुद्धा नाहीत. पण कधीतरी त्यांतला एखादा बरोबर एका ताऱ्याच्या आड येतो. तारा काही सेकंद विझतो आणि पुन्हा लागतो. त्या वेळी खडकाची सावली जमिनीवरून पळत असते. ताऱ्याच्या उजेडात पडलेली सावली. ती तुमच्या अंगावरून जाते आणि तुम्हाला कळतही नाही. मंडळातला प्रत्येकजण वेगवेगळ्या ठिकाणी दुर्बीण लावून तो एकच तारा बघत बसायचा. शेजारी काकांनी बनवलेला डबा दर सेकंदाला टिक करायचा. तारा विझला की यंत्रात बोलायचं, "गेला." परत लागला की, "आला." मग काका सगळ्यांचे आवाज ऐकून, वेळा जुळवून खडकाचा आकार काढायचे. अंधारात हाताने चाचपून एखादी वस्तू ओळखावी तसं.

गेल्या वर्षी असाच एक खडक गेला. त्याला नाव नाही, नुसता नंबर आहे. सगळ्यांच्या यंत्रात एकदाच "गेला" आणि एकदाच "आला". ताईच्या यंत्रात दोनदा. थोड्या वेळाने पुन्हा "गेला". हे खरं असेल तर त्या खडकाला स्वतःचा एक छोटा चंद्र आहे, असा त्याचा अर्थ. हे मला मंडळातल्या औषधवाल्याने सांगितलं. पण काकांनी सगळ्यांसमोर निकाल देऊन टाकला, "पोरीचा डोळा लागला असेल." लोक हसले. नंतर चष्म्याच्या दुकानातही हसायचे. म्हणायचे, "काय हो, झोप झाली का?"

ताई घरी येऊन एवढंच म्हणाली, "दोनदा गेला. मी जागी होते." मी विचारलं, मग चंद्र आहे का त्याला? ती म्हणाली, "मी चंद्र म्हटलंय का? दोनदा गेला म्हटलंय."  त्यानंतर आकाश निरभ्र असलं की गच्चीवर जायला लागली. तीच खुर्ची, तोच कोपरा. खडक येणार नसला तरी. आणि एकदा खाली उतरताना जिन्यात पडली, ती उठलीच नाही.

लोक काय म्हणाले असतील? झोपेत असेल.

तो शब्द ऐकला की माझ्या डोक्यात तिडीक जायची.

तर त्या दिवशी काकांनी यंत्र हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि परत माझ्यापुढे ठेवलं. एका डोळ्यावर त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं भिंग तसंच होतं.

"तोच खडक परत येतोय," ते म्हणाले. "दुसऱ्या ताऱ्यावरून. येत्या गुरुवारी, दिवेलागणीनंतर थोड्या वेळाने. सावलीची रेघ तुमच्याच गच्चीवरून जातेय... तिची जागा रिकामी राहील, त्याचं वाईट वाटतं."

"मी बसतो."

"तुला काय येतं त्यातलं?"

"बघता येतं. बोलता येतं. आणखी काय लागतं?"

"वेल्डिंग करणाऱ्याचे डोळे रे..."

"काळ्या काचेमागून बघतो मी. तुमच्यापेक्षा शाबूत आहेत."

काकांनी विजेरीही यंत्राशेजारी माझ्यापुढे ठेवली. मी म्हटलं, "आणि दोनदा विझला, तर मंडळासमोर उभं राहून म्हणायचं, ती जागी होती. तीनच शब्द. बाकी काही नको मला."

त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. त्याशिवाय त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. "ऐक. बसणार असशील तर एकटा बसू नकोस. कोणाला तरी बरोबर घे."

"का? माझाही डोळा लागेल?"

त्यांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. मला वाटलं, यांचा माझ्यावरही विश्वास नाही.

मग त्यांनी मला शिकवलं. खरं सांगतो, जीव नकोसा झाला. तारा कसा शोधायचा, श्वास काचेवर न सोडता कसं बघायचं, पापणी कधी मिटायची. मंडळाचा एक नियम होता, तो तर दहा वेळा घोकून घेतला. आपल्या ताऱ्याजवळ दिसणारा दुसरा एक तारा हेरून ठेवायचा. शेजारचा तारा. आपला विझला की त्याच क्षणी शेजारच्याकडे बघायचं. शेजारचा जागेवर असेल, तर आपला खरोखर खडकाआड गेला. दोन्ही गेले असतील, तर ढग आला किंवा दुर्बिणीच्या तोंडासमोर काहीतरी आलं. मग ती नोंद बाद.

"समजलं?" काका म्हणाले.

"पहिल्यांदाच समजलं होतं," मी म्हणालो.

घरी आई गच्चीची किल्ली देईना. पदराला बांधून ठेवली होती. "त्या नळीने एक खाल्ली माझी. आता तुला चढवू वर?"

"आई, नळीने नाही खाल्ली. जिन्यात दिवा नव्हता."

"मग मी जिन्यात दिवा लावून खाली बसणार. बंद कर म्हणालास तर बघ."

"माझ्या डोळ्यांना अंधार लागतो गं!"

"दार लावून घे वरचं. अंधार पाहिजे त्याला म्हणावं! अंधाराने काय दिलं आजवर आपल्याला?"

गुरुवारी तिने किल्ली माझ्या हातात टाकली आणि ती खरंच जिन्याच्या पायथ्याशी पाट टाकून बसली. मी गच्चीचं दार ओढून घेतलं.

दुर्बीण माझ्या ओळखीची होती. नळी मीच वळवून जोडली होती, खालचं लोखंडी स्टँडही माझंच. पुढचं मोठं भिंग ताईने स्वतःच्या हाताने बसवलं होतं आणि कडेने अशी पक्की लुकण भरली होती की मुंगीला आत शिरायला जागा नव्हती. तोल इतका साधला होता की नळी एका बोटाने हलायची. ताई सगळ्यांना दाखवायची, "बघा, माझ्या भावाचं काम. करंगळी लावा नुसती."

पृथ्वी फिरते म्हणून तारा सारखा बाजूला सरकतो, म्हणून सारखी ती करंगळी लावत राहायची. मी तारा शोधला, हरवला, पुन्हा शोधला. एकदा मी नळीला शिवीही दिली. शेवटी सापडला. पांढरा, बारीक, टोचल्यासारखा. डाव्या हाताला त्याचा शेजारी, पिवळट.

तेवढ्यात पलीकडच्या गच्चीवर भक्कन दिवा लागला. दाढीवाला शेजारी, हातात कपड्यांची बादली.

"अहो, दिवा बंद करा!"

"का? काय चोरताय?"

"तारा बघतोय."

"तारा पळून चाललाय का? कपडे वाळत घालू द्या की!"

"थोडा वेळ बंद ठेवा. पाया पडतो तुमच्या."

त्याने मला नीट बघितलं, ताईची खुर्ची बघितली आणि दिवा मालवून खाली गेला. त्याची बादली तिथेच राहिली. मी डोळा पुन्हा दुर्बिणीला लावला. म्हटलं, आता नाही. आता रडलो तर डोळ्यात पाणी येईल आणि तारे दोन दिसतील. रडायलासुद्धा धड वेळ मिळू देत नाही ही ताई.

अंधार हळूहळू बसत गेला. खालून कोणाच्या तरी टीव्हीतलं हसणं येत होतं, कुठेतरी भांडी घासली जात होती, कानाशी डास, आणि या सगळ्याच्या मधून डब्याची टिक... टिक... टिक. लोखंड गार पडत चाललं होतं. भिंग घासायच्या पुडीचा एक वास ताईच्या बोटांना कायम असायचा. तो खुर्चीच्या हातांना अजून होता. मी नाक तिकडे नेलं नाही.

वेळ जवळ आली. मी यंत्र सुरू करून खिशात ठेवलं आणि डोळा लावला.

तारा होता. होता. होता.

आणि मग नव्हता.

कोणी फुंकर मारली नाही, काही हललं नाही, नुसता नव्हता. "गेला!" मी म्हणालो. शेजारचा बघितला. पिवळट, जागेवर, निवांत. माझ्या अंगावरून ती सावली चालली होती. मला खरंच वाटलं की खांद्यांना गार लागलं. मग तारा पुन्हा तिथेच उभा. "आला!"

मला हसू फुटलं. ताई, एकदा तर झालं. आता दुसऱ्यांदा. चल लवकर, माझी मान मोडली.

मी बघत राहिलो. करंगळीने नळी सरकवत राहिलो. किती वेळ गेला कोण जाणे, पण मधेच माझ्या लक्षात आलं की टीव्हीतलं हसणं ऐकू येत नाही. भांडी नाहीत. डासही नाहीत. डब्याची टिक चालू होती, पण भिंतीपलीकडून यावी तशी. वासही बदलला होता. पाण्याच्या टाकीचं झाकण कित्येक वर्षांनी उघडावं तसा ओलसर, जुना वास.

आणि तारा गेला.

"गेला!" मी ओरडलोच. "गेला, गेला! काका, दोनदा गेला! ती जागी..."

शेजारचा बघितला.

शेजारचा नव्हता.

त्याच्या पलीकडचे बारीक ठिपके नव्हते. काहीच नव्हतं. डोळ्यावर झाकण ठेवावं तसं काळंभोर. मी म्हटलं, ढग. मान वर केली. आकाश भरलेलं होतं, एक तारा इकडचा तिकडे नव्हता. म्हटलं, धक्का लागला नळीला. नळीच्या टोकाकडे बघितलं. तिथे आकाशाशिवाय काही नव्हतं. पुन्हा डोळा लावला. काळं.

चिडून मी करंगळी लावली. नळी हलली नाही. मग हात लावला. हलली नाही. माझ्या हाताने तोललेली नळी, मला तिचं वजन माहीत आहे... पुढच्या टोकाकडे ती जड झाली होती. कठड्यावर टेकून कोणी निवांत उभं राहावं, तसं कोणीतरी टेकल्यासारखी.

"ताई..." मी हळूच म्हणालो. "नको ना गं..."

टिक. टिक.

मग जडपणा निघून गेला. नळी आपोआप थोडीशी वर उचलली गेली. तारा दिसला. पिवळटही दिसला. खाली टीव्हीत लोक हसत होते. माझ्या तोंडून "आला" निघालंच नाही.

मी यंत्र बंद करून ठेवतोय तोच खिशातला फोन वाजला. घड्याळजी काका.

"गेला का?"

"गेला." माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"एकदा?"

मी थांबलो. गच्चीवर माझ्याशिवाय कोणी नव्हतं. यंत्रात माझाच आवाज होता, "दोनदा गेला". शेजारच्या ताऱ्याचं त्यात अक्षर नव्हतं. मी सांगेन ते खरं होणार होतं.

"दोनदा," मी म्हणालो.

 काका अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "आणि शेजारचा...?"

होता म्हणायचं. संपलं. उद्या मंडळासमोर उभं राहून हा माणूस ते तीन शब्द बोलला असता. चष्म्याच्या दुकानातल्यांची तोंडं बंद झाली असती. आईने ऐकलं असतं. मी तोंड उघडलं. पण पत्ते खेळतानासुद्धा ताई माझी लबाडी चालू द्यायची नाही. मी हरलो तर रडायचो, तरी नाही. डाव मोडेल, पण खोटा डाव जिंकून देणार नाही, अशी होती ती. आणि तिच्याच नावावर मी हे खोटं चिकटवणार?

मरून गेली, तरी मला धड खोटंही बोलू देईना.

"नव्हता," मी म्हणालो. "शेजारचापण गेला. सगळेच गेले. ढग नव्हता काका, मी वर बघितलं. समोर काही नव्हतं. तरी काळं होतं. आणि नळी... नळीवर वजन होतं. करा बाद. माझीही करा, तिचीही करा. म्हणा, दोघं भावंडं झोपली."

 दुकानातली घड्याळं फोनमधून ऐकू येत होती.

"काका?"

"तिनेही हेच सांगितलं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"शब्द न् शब्द हेच. तिची टेप माझ्याकडे आहे. शेजारचापण गेला, सगळे गेले, काका, कोणीतरी टेकून उभं आहे. तेवढा भाग मी कोणाला ऐकवला नाही. तिला म्हटलं, असलं काही बोलशील तर लोक वेडी म्हणतील. त्यापेक्षा डोळा लागला म्हटलेलं बरं. दोन दिवस हसतील आणि विसरतील... मला वाटलं, मी तिला वाचवतोय."

 "आणि ती रोज वर जायची. एकटी."

"मी नको म्हणालो होतो."

"का नको, ते कोणाला सांगितलंत? मला सांगितलंत? आईला?"

"नाही."

मला खूप काही बोलायचं होतं. शेडमध्ये शिकलेल्या सगळ्या शिव्या ओठांवर आल्या होत्या. पण हा माणूस रडत होता, आणि रडणाऱ्या म्हाताऱ्याला शिव्या कशा द्यायच्या ते मला कोणी शिकवलेलं नाही.

"मंडळासमोर सांगेन मी," ते म्हणाले. "तिची टेप लावीन, तुझीही लावीन. सगळं ऐकवीन. तुझी ताई..." त्यांनी नाक ओढलं. "ती जागी होती."

हेच तीन शब्द मला हवे होते. महिनाभर दुसरं काही नको होतं. आता मिळाले, तर मला वाटायला लागलं, की नको. झोपलेलीच असू दे. अंधाऱ्या जिन्यात झोपेत पाय चुकलेला असू दे, मागे काही नसलेला.

मी फोन ठेवला. खालून आईने हाक मारली, "झालं का रे तुझं?" मी म्हटलं, "आलोच, झाकून ठेवतो." आणि विजेरी लावून नळीच्या पुढच्या टोकाशी गेलो.

भिंगाच्या मधोमध वाफ धरली होती. तोंड जवळ नेऊन फुंकल्यावर धरते तशी, वाटीएवढी, गोल. मी सदऱ्याच्या टोकाने पुसली. गेली नाही. जोर लावून पुसली, काच कोरडी करकरीत होती, बोटाला ओल लागत नव्हती. वाफ पलीकडच्या बाजूला होती. बंद नळीच्या आत.

विजेरीच्या लाल उजेडात मी बघत राहिलो. वाफ हळूहळू आकसली, अगदी बोटाच्या पेराएवढी झाली. मग हळूहळू पसरली. पुन्हा आकसली. पुन्हा पसरली. म्हटलं, माझाच असणार, मीच इतक्या जवळ तोंड आणून धापा टाकतोय.

म्हणून मी श्वास रोखून धरला.

वाफ आकसली. पसरली.